जुन्या वाचनालयाची इमारत: इतिहास कोठे आणि कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बाजारपेठेलगत दगडी, कौलारू, पुढे पडवी असलेली एक इमारत आहे. तेथे पूर्वी सार्वजनिक वाचनालय होते. ते काही दशकांपूर्वी नव्या जागेत गेले आणि तेव्हापासून नगरपरिषद ती इमारत गोदाम म्हणून वापरते. वाचनालयाच्या फलकावर एकोणिसाव्या शतकातील स्थापनेचे वर्ष आहे आणि गावात तेच इमारतीचेही वर्ष मानले जाते. आता इमारत पाडण्याची चर्चा सुरू झाल्यामुळे तिचा खरा इतिहास आणि मालकी कशी ठरवावी, असे आपण विचारले आहे. जुन्या इमारतींची मोजणी, दुरुस्ती आणि त्यांच्या कागदपत्रांचा शोध हेच पुण्यात राहून माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

अशा प्रत्येक ठिकाणी तीन निरनिराळे इतिहास एकमेकांत मिसळलेले असतात: संस्थेचा, इमारतीचा आणि जमिनीचा. गावाच्या आठवणीत या तिन्हींना मिळून एकच वर्ष उरते, आणि ते बहुधा संस्थेच्या स्थापनेचे असते, कारण फलकावर तेच लिहिलेले असते. आपल्याकडची जुनी वाचनालये स्वतःच्या इमारतीत क्वचितच सुरू झाली. एखाद्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, चावडीचा माळा अशा जागांत पहिली काही वर्षे, कधी काही दशके गेली, आणि वर्गणी, देणगी व नगरपालिकेची मदत जमल्यावर इमारत उभी राहिली किंवा आधीपासून उभी असलेली इमारत मिळाली. उलट प्रकारही घडतो. पुण्यातील विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधला, १८२१ पासून तेथे संस्कृत पाठशाळा भरली, १८७९ च्या आगीत त्याचा काही भाग जळाला, पुढे नगरपालिकेचे कार्यालय तेथे आले, आणि कालांतराने त्याच वाड्यात शासकीय विभागीय ग्रंथालयही आले. ग्रंथालयाच्या वयावरून वाड्याचे वय काढू गेल्यास उत्तर शतकाहून अधिक चुकेल. म्हणून आपल्या वहीत तीन स्वतंत्र पाने करावीत आणि मिळालेली प्रत्येक नोंद या तिन्हींपैकी नेमकी कशाविषयी आहे हे ठरवूनच ती लिहावी.

संस्थेच्या इतिहासासाठी काळाची चौकट आधी लक्षात घेऊ. महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची पहिली लाट बरीच जुनी आहे: रत्नागिरी १८२८, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) १८३८, नाशिक १८४०, आणि पुण्यात १८४८ मध्ये सुरू झालेली ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’, जी आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाते आणि जिच्या स्थापनेत लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा पुढाकार होता. साताऱ्याचे वाचनालय १८५२ चे, सोलापूरचे १८५३ चे, कल्याणचे १८६४ चे. जिल्ह्याच्या ठिकाणांहून ही कल्पना तालुक्याच्या गावांत पोहोचली ती मुख्यतः १८६० नंतर, आणि त्यामागे एक सरळ कारण होते. १८५० च्या कायद्याने लहान गावांनाही नगरपालिका स्थापन करता येऊ लागली होती. बारामती, इंदापूर, सासवड येथील नगरपालिका १८६० च्या दशकातील आहेत. मामलेदार, शाळेचे हेडमास्तर, मुन्सफ कोर्टातील वकील आणि गावातील व्यापारी ही मंडळी नगरपालिकेतही असत आणि वाचनालयाच्या कमिटीतही. त्यामुळे आपल्या फलकावरील वर्ष १८६० नंतरचे असेल तर ते संस्थेपुरते विश्वसनीय मानण्यास हरकत नाही. मात्र त्याला समकालीन पुरावा हवा.

हा पुरावा छापील स्वरूपात मिळण्याची पहिली जागा म्हणजे जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर. पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड तीन भागांत १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला असून तो राज्य गॅझेटिअर विभागाच्या संकेतस्थळावर वाचता येतो. तिसऱ्या भागातील स्थळवर्णनांत आपले गाव पाहावे, आणि शिक्षणाच्या प्रकरणात वाचनालये व वृत्तपत्रे यांविषयी जे दिले आहे तेही पाहावे. गॅझेटिअरमध्ये वाचनालयाचा उल्लेख असेल तर १८८५ पूर्वी संस्था होती एवढे सिद्ध होते. उल्लेख नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण लहान गावांची माहिती मामलेदार कचेरीतून जशी आली तशी छापली गेली आहे. यानंतर शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल पाहावेत. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात जुन्या सरकारी अहवालांचा मोठा संग्रह आहे.

वृत्तपत्रांचे महत्त्व याहून अधिक आहे. ‘ज्ञानप्रकाश’ पुण्यात १८४९ मध्ये सुरू झाला आणि शंभर वर्षे चालला; ‘केसरी’ १८८१ पासून. दोन्हींत बाहेरगावच्या बातमीदारांची पत्रे येत. वाचनालयाची वार्षिक सभा, कलेक्टरांची भेट, नव्या इमारतीची पायाभरणी अशा बातम्या याच पत्रांतून सापडतात, आणि इमारतीचा दिनांक ठरवण्यासाठी अशी एक समकालीन बातमी शंभर वर्षांनंतर लिहिलेल्या स्मरणिकेपेक्षा अधिक मोलाची असते. सगळे अंक चाळणे शक्य नसते. म्हणून आधी इमारतीवरून आणि कागदांवरून पाच-सात वर्षांचा टप्पा ठरवावा आणि मगच अंक उघडावेत.

शताब्दी स्मरणिकांविषयी येथेच सांगतो, कारण बहुतेक शोध त्यांच्यापासून सुरू होतो आणि तेथेच अडकतो. स्मरणिका अतिशय आपुलकीने लिहिलेल्या असतात, आणि कार्यकारिणीची नावे, देणगीदार, गाजलेली व्याख्याने यांसाठी त्या उपयोगीही पडतात. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या वेळी कोणीतरी आठवणीतून लिहिलेले वाक्य शताब्दीच्या स्मरणिकेत येते, तेथून नगरपालिकेच्या पुस्तिकेत आणि पुढे वर्तमानपत्राच्या पुरवणीत जाते. चार ठिकाणी छापलेले असले तरी तो पुरावा एकच असतो. तेव्हा स्मरणिकेतील प्रत्येक विधानापुढे त्याचा मूळ आधार कोणता हे लिहावे. आधार सापडेपर्यंत ते विधान केवळ गावातील समजूत म्हणून नोंदवावे.

संस्थेची स्वतःची कागदपत्रे आजच्या वाचनालयाच्या कपाटात असण्याची बरीच शक्यता आहे. इतिवृत्ताचे पुस्तक, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार हिशेब) आणि दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची नोंद), या चार गोष्टी मागाव्यात. बहुतेक जण इतिवृत्तापाशी थांबतात. इमारतीसाठी मात्र कीर्द अधिक बोलकी असते: चुना, सागवान, कौले, गवंडी, सुतार, पाथरवट यांच्या नावे खर्च पडू लागला की बांधकाम सुरू झाले, आणि तो खर्च एकाच वर्षात आहे की तीन-चार वर्षांत विखुरलेला आहे यावरून पैसे कसे जमले तेही दिसते. अशा नोंदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीत असू शकतात. पुण्यात मोडी वाचणारे जाणकार सहज मिळतात, त्यामुळे लिपीमुळे वही बाजूला ठेवू नये. वर्षांचे हिशेब करताना सावध राहावे. शके १८१० म्हणजे इसवी सन १८८८-८९, कारण शकाचे वर्ष चैत्रात बदलते. नगरपालिकेच्या हिशेबाचे वर्ष मात्र एप्रिल ते मार्च असे चालते. कोनशिलेवर शक असेल आणि ठरावात इसवी सन असेल, तर एका वर्षाचा फरक हा विसंवाद समजू नये.

आणखी एक साधन फारसे कोणी वापरत नाही, ते म्हणजे पुस्तकांवरील शिक्के. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर वाचनालयाचे त्या वेळचे नाव असते, आणि नावे बदलत गेलेली असतात: आरंभी ‘नेटिव्ह लायब्ररी’, मग ‘नगर वाचनालय’ किंवा ‘सार्वजनिक वाचनालय’, १९२० मध्ये लोकमान्यांचे निधन झाल्यावर काही ठिकाणी त्यांचे नाव. प्रत्येक प्रकारच्या शिक्क्याचे छायाचित्र घ्यावे, आणि दाखल नोंदवहीतून ते पुस्तक संग्रहात कधी आले ते शोधावे. या दोन्हींच्या मेळातून नाव केव्हा बदलले याचा जवळपास अचूक कालानुक्रम हाती येतो. सरकारी किंवा नगरपालिकेच्या कागदांत संस्था जुन्या नावानेच असते, त्यामुळे हा क्रम हाती नसेल तर समोर असलेली नोंदही ओळखू येत नाही.

आता इमारतीकडे वळू. कागद हरवतात, भिंती आणि छप्पर मात्र बरेच काही सांगतात, फक्त प्रत्येक भागाचे वय वेगळे धरून वाचावे लागते. पुण्याच्या पूर्वेकडील आणि घाटाजवळील तालुक्यांत काळा दगड व चुना हे नेहमीचे साहित्य आहे, त्यावरून काळ ठरत नाही. छप्पर अधिक उपयोगी आहे. मंगळुरी कौलांवर कारखान्याचे नाव असते आणि बासेल मिशन या कौलांचे कारखाने चालवणाऱ्या मिशनरी संस्थेच्या कौलांवर १८६५ हे वर्ष दिसते. ते पाहून इमारत १८६५ ची ठरवलेली मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. ते वर्ष मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे आहे. नंतर दशकानुदशके तोच ठसा उमटत राहिला. कौलावर ‘कॉमनवेल्थ’ असे नाव असेल तर ते पहिल्या महायुद्धानंतरचे, कारण युद्धानंतर मिशनचे कारखाने त्या कंपनीकडे गेले. शिवाय कौल छपराचे वय सांगते, भिंतीचे नाही. दगडी भिंतीच्या माथ्यावर विटांचे दोन-तीन थर वाढवून त्यांवर कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) टेकवलेल्या दिसल्या, तर आधी नळीच्या कौलांचे छप्पर होते आणि पुढे उतार बदलून मंगळुरी कौले घातली, असा तर्क करता येतो.

लोखंडी तुळया असतील तर रंग खरवडून त्यांवरील अक्षरे वाचावीत. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघू लागले ते १९१२ मध्ये, त्यामुळे टाटांचा ठसा असलेली तुळई त्यापूर्वीची असू शकत नाही. इंग्लंडमधील कंपनीचे नाव असेल तर ती आधीची असू शकते, पण नंतरचीही असू शकते. फरशी शहाबादी असेल तर रेल्वेचा विचार करावा. पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ मध्ये आली, सोलापूरला १८६० मध्ये आणि शहाबादवरून रायचूरपर्यंत १८७१ मध्ये. त्याआधी एवढ्या दुरून फरशी आणणे लहान संस्थेला परवडणारे नव्हते. मात्र फरशीही पुढे बदललेली असू शकते. नक्षीच्या सिमेंट टाइल्स असतील तर तो भाग बहुधा १९२० नंतरचा.

याखेरीज एक प्रश्न स्वतःला विचारावा: ही इमारत वाचनालय म्हणूनच बांधली गेली होती का? सार्वजनिक बांधकाम खात्याचे ठरावीक नकाशे असत आणि शाळा, धर्मशाळा, चावडी, दवाखाना या इमारती एकमेकींसारख्या दिसतात. भिंतीतील कोनाड्यांची रांग, कपाटांसाठी सोडलेल्या खोबणी, वर्तमानपत्रांच्या कलत्या मेजांसाठी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांच्या खुणा, स्त्रियांच्या विभागासाठी नंतर पाडलेला दुसरा दरवाजा या गोष्टी वाचनालयाकडे निर्देश करतात. पडवीच्या कडेला लांब दगडी ओटा आणि मागे चुलींच्या जागा असतील तर ती आधी धर्मशाळा असू शकेल. कोनशिला असेल तर तिचा दगड आणि भोवतीचे सांधे नीट पाहावेत, कारण दुरुस्तीच्या किंवा देणगीच्या प्रसंगी नंतर बसवलेली शिला अनेकदा मूळची समजली जाते. १८८७ आणि १८९७ ही राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या महोत्सवांची वर्षे, आणि त्या निमित्ताने वर्गणी जमवून गावोगावी सार्वजनिक कामे झाली. शिलेवर यांपैकी वर्ष असेल तर नगरपालिकेच्या ठरावांत त्या वर्षाची पाने प्रथम उघडावीत.

नगरपालिकेची ठरावपुस्तके हा या सगळ्यातील सर्वांत समृद्ध साठा आहे. वाचनालयाला दरसाल दिलेली ग्रँट, जागेची मागणी, दुरुस्तीचा खर्च, घरपट्टीची माफी हे सर्व तेथे येते. घरपट्टी आकारणीच्या जुन्या नोंदवहीत मालकाचे आणि भोगवटादाराचे रकाने वेगळे असतात. ते दोन्ही उतरून घ्यावेत. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा आणि माहितीचा अधिकार हे दोन्ही कायदे २००५ चे आहेत. अभिलेखांच्या वर्गीकरणात ‘अ’ वर्ग कायमचा आणि ‘ब’ वर्ग ३० वर्षांचा असतो. ठरावपुस्तके कायम जपण्याची असतात, पत्रव्यवहार मात्र मुदतीनंतर नष्ट केलेला असू शकतो. म्हणून माहितीच्या अधिकाराच्या अर्जात ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे न लिहिता ठराविक वर्षांची ठरावपुस्तके आणि आकारणी नोंदवह्या पाहण्यास मिळाव्यात असे लिहावे.

या ठरावांत एक गोष्ट मुद्दाम शोधावी असे मला कळकळीने वाटते. सार्वजनिक म्हणवणाऱ्या या वास्तूत कोणाला प्रवेश होता? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. १९२६ मध्ये बोले यांनीच, अंमल न करणाऱ्या नगरपालिकांची अनुदाने रोखावीत असा दुसरा ठराव आणला. वाचनालयाचा उल्लेख पहिल्या ठरावात नाही, पण १९२३ ते १९२७ या काळातील नगरपालिकांच्या सभांत या विषयावर चर्चा झाली असण्याचा संभव मोठा आहे, आणि वाचनालय नगरपालिकेच्या मदतीवर चालत असेल तर त्याचा विषयही तेथे येऊ शकतो. आज जे देणगीदारांच्या फलकांवर नाहीत, पडवीबाहेर उभे राहून ज्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलेले ऐकले असेल, त्यांच्या घरांतील वृद्धांशी बोलल्याशिवाय या इमारतीचा इतिहास पूर्ण लिहिला असे म्हणू नये.

पुढचा टप्पा अनुदानाचा आहे, तो थोडक्यात सांगतो. मुंबई सरकारने १९३९ मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालयविकासाची समिती नेमली. तिच्या शिफारशींप्रमाणे १९४७ पासून चालू वाचनालयांना जिल्हा व तालुका ग्रंथालये म्हणून मान्यता मिळू लागली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड असे वर्ग झाले आणि अनुदानाची रक्कम वर्गाशी जोडली गेली. ग्रंथसंख्या वाढली, बालविभाग व महिला विभाग हवे झाले, आणि अनेक जुन्या इमारती अपुऱ्या पडल्या. आपल्या वाचनालयाने जागा का सोडली याचे उत्तर बहुधा त्या वर्षांच्या अनुदान-प्रस्तावांत सापडेल.

मालकीचा प्रश्न सर्वांत शेवटी घेतला असला तरी आपल्यासाठी तोच तातडीचा आहे. सातबारावर ही जागा शोधू नये. पुणे जिल्ह्यात पुढे टिकलेल्या महसुली मोजणीच्या पद्धतीची सुरुवात इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये झाली, परंतु ती शेतजमिनीची होती. गावठाणातील घरे व मोकळ्या जागा त्यात स्वतंत्र मोजलेल्या नाहीत. गावठाणासाठी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) लागते, ती तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मिळते. केवळ पत्रिकेवर समाधान मानू नये. पहिल्या मोजणीच्या वेळी झालेल्या चौकशीची नोंदवही असते, तिचा उतारा मागावा, कारण ‘धारक’ म्हणून नगरपालिकेचे नाव कोणत्या आधारावर लागले हे तेथे लिहिलेले असते. कधी तेथे वाचनालयाचे चिटणीस हजर राहून जबाब देतात, कधी कोणीच हजर राहत नाही आणि जागा नगरपालिकेच्या किंवा सरकारच्या नावे लागते. जमीन कोणी देणगी दिली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातील जुन्या सूची क्रमांक २ मध्ये (नोंदलेल्या दस्तांच्या सूचीत) बक्षीसपत्राचा शोध घ्यावा, आणि त्यातील अटी शब्दशः उतरून घ्याव्यात. जागा वाचनालयासाठीच वापरली जावी अशी अट असल्यास तिचा परिणाम आजच्या चर्चेवर होऊ शकतो.

दुसरी बाजू धर्मादाय आयुक्तांकडे आहे. मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५० चा. त्याखाली नोंदणी करताना वाचनालयाने स्थावर मिळकतीचा तपशील दिलेला असणार. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल तर तिच्या क्रमांकाआधी बहुधा ‘एफ’ हे अक्षर असते. पुण्याच्या कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तव्यवस्थेच्या नोंदणीतील तपशिलाचा, उतारा आणि त्यानंतरचे सर्व बदल अर्ज मागावेत. त्या परिशिष्टात ही इमारत असेल, तर ती विश्वस्तव्यवस्थेची मिळकत म्हणून नोंदलेली आहे आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय तिची विक्री किंवा हस्तांतर होऊ शकत नाही. नगरपरिषदेकडे किल्ली असणे, विजेचा मीटर तिच्या नावे असणे, तिने दुरुस्ती केलेली असणे यांवरून ताबा दिसतो, मालकी नव्हे. परिशिष्ट आणि मिळकत पत्रिका यांत विसंगती निघाली तर पुढचे पाऊल वकिलांच्या सल्ल्यानेच टाकावे.

कामाचा क्रम सुचवायचा तर असा. परिशिष्ट १, मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा यांचे अर्ज प्रथम द्यावेत, कारण नकला मिळण्यास वेळ लागतो. त्या काळात इमारतीची पूर्ण मोजणी करून नकाशे काढावेत, कोनशिला, कौलांचे ठसे, तुळयांवरील अक्षरे, कोनाडे, भिंतीचा माथा यांची मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, आणि गोदामातील सामान हलवताना जुनी कपाटे, फलक, कागद भंगारात जाणार नाहीत याची लेखी विनंती मुख्याधिकाऱ्यांना करावी. मोजणीतून आणि कीर्दीतून बांधकामाचा अंदाजे टप्पा हाती आला की नारायण पेठेत केसरीचे जुने अंक आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह पाहावा. जागा पूर्वी इनामाची किंवा कोणा सरदाराच्या वाड्याची असल्याचे दिसले तरच पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराकडे वळावे, अन्यथा तेथे जाणारा वेळ वाया जाईल. धोकादायक इमारत म्हणून नोटीस निघाली असेल, तर जुन्या दगडी व चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून संरचना तपासून घेऊन तो अहवाल मुदतीच्या आत दाखल करावा. त्यासोबतच २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतील वारसा इमारतींच्या तरतुदींखाली ही वास्तू यादीत घ्यावी, असा अर्ज नकाशे आणि वर सांगितलेल्या उताऱ्यांच्या प्रती जोडून नगरपरिषदेकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.